रोझवूडचा बास बाहेर पाठवू का?

प्रश्न: मी सोलापुरात ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. माझ्या 2008 च्या बासचा फिंगरबोर्ड (गळ्यावरची बोटं दाबायची पट्टी) रोझवूडचा आहे. जर्मनीतला एकजण घ्यायला तयार आहे, पण मित्र म्हणतोय कस्टममध्ये जप्त होईल. पुण्यातलं गिऱ्हाईक पण आहे. काय करू?

उत्तर: मित्राचं म्हणणं एकेकाळी बरोबर होतं. सायटिस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या देशादेशांतल्या व्यापारावरचा करार, त्यात 2 जानेवारी 2017 पासून डालबर्जिया म्हणजे रोझवूडच्या जातीची सगळी झाडं आली, त्यात आपलं शिसव पण, आणि मग गिटार विकून सीमेपार पाठवायची तर परमिट लागायचं, वाजवणाऱ्यांचे फार हाल झाले. पण 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. खरी अडचण ब्राझिलियन रोझवूडची, ते 1992 पासून सगळ्यात कडक यादीत आहे आणि त्याला ही सूट नाही. साठच्या दशकातल्या जुन्या अमेरिकन बासवर ते सापडतं, 2008 च्या साध्या बासवर सहसा नाही. तरी कंपनीच्या माहितीत लाकडाचं नाव बघाच, नुसत्या रंगावरून ओळखायला जाऊ नका, आणि ते नाव बिलावर लिहा, जर्मनीतल्या माणसालाही तिथल्या कस्टमला विचारायला सांगा.

पुण्याला विकताना सायटिसचा प्रश्नच नाही, तो करार देशाबाहेरच्या व्यापाराचा. मी तर म्हणेन पुण्यालाच द्या. फक्त आधी गळ्याच्या कडेवरून बोट फिरवा, सोलापूरच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि फ्रेटची (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात, ती घासून घ्या.