ऑपेरा नव्या काळात नेतात तेव्हा दिग्दर्शक नेमकं बदलतात काय?

बहुतेक वेळा डोळ्यांना दिसणारं तेवढंच. संगीताला सहसा हात लावत नाहीत. दिग्दर्शक जोनाथन मिलरने १९८२ मध्ये लंडनला व्हेर्दी या इटालियन संगीतकाराचा ‘रिगोलेत्तो’ हा ऑपेरा केला. त्यातल्या मांतुआ या इटालियन संस्थानाच्या ड्यूकचा झाला १९५०च्या दशकातल्या न्यूयॉर्कचा माफिया बॉस, आणि त्याचं सगळ्यांत गाजलेलं गाणं सुरू होतं ते ज्यूकबॉक्स या गाणी वाजवणाऱ्या यंत्रात नाणं टाकल्यावर! त्या एका नाण्यात त्याचा सगळा माज दिसतो.

आपल्याकडे संगीत नाटकांत उलटं. गोव्यात देवळाच्या उत्सवात ‘संगीत सौभद्र’ लागलं की रंगवलेले पडदे, शालू, मुकुट जिथल्या तिथे. कात्री लागते ती पदांना. मग मध्यंतरात एखादे आजोबा ऑर्गनवाल्याला गाठतातच: “अमुक पद का गाळलं रे?” मला विचाराल तर पदं ठेवा, पडदे बदला.