घरात लहान मुलं असताना लाकडी जमिनीवर फर्निचरचे ओरखडे पडू नयेत म्हणून काय करावं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की दोन्ही मुलं दिवसभर खुर्च्या ओढतात आणि ओरडून तुमचा घसा बसलाय. ओरडणं जरा थांबवा आणि घरातल्या सगळ्या खुर्च्या उलट्या करून बघा. आधी मोठ्यांच्या.

आमच्याकडे हे दोन वर्षं उशिरा झालं. जेवणाच्या टेबलाखाली पांढरट चरे दिसायला लागले तेव्हा धाकटा ४ वर्षांचा होता आणि त्याच्याकडे पत्र्याचा एक ट्रक होता. नवऱ्याने एका संध्याकाळी जमिनीकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं, आणि खटला निकालात. ट्रक माळ्यावर गेला, पोरगं रडत झोपलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, अरे, चाकं रबराची आहेत, ती काय खरवडणार? तर म्हणे, "मग चरे काय आकाशातून पडले?" ट्रक गेल्यावरही चरे वाढतच राहिले. त्यावर मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

मग एकदा माझ्या कानातल्याची फिरकी पडली म्हणून टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले. उजेड जमिनीलगत आडवा टाकला की एरवी न दिसणारे चरेही लख्ख दिसतात. (तुम्हीही करून बघा, पण मन घट्ट करून.) सगळे चरे कमानीसारखे वळलेले, आणि बहुतेक एकाच खुर्चीमागे. कोणाच्या, ते सांगायला नकोच. जेवण झालं की न उठता, ८० किलो वजनासकट खुर्ची मागे रेटायची ही त्याची सवय.

खुर्ची उलटी केली. चारही पायांना चिकटवायचे फेल्टचे (दाबून केलेल्या जाड, लोकरीसारख्या कापडाचे) पॅड मीच लावले होते, नव्या घराच्या उत्साहात. त्यातला एक गायब. एक निम्मा सरकलेला, आणि उघड्या पडलेल्या गोंदावर केस, धागे, वाळू. उरलेल्या दोघांवर बोट फिरवलं तर चक्क पॉलिश पेपर! फेल्ट लावलं म्हणजे सुटलो, असं आपण धरून चालतो. पण ते मऊ असतं म्हणूनच कण त्यात रुतून बसतात. वाळूत मुख्यतः क्वार्ट्झ असतं, म्हणजे गारगोटीचं खनिज. खनिजांची कठीणता मोजायच्या मोहस् मापावर ते ७, तर चाकूच्या पोलादाची साधारण साडेपाच. जमिनीवरच्या पॉलिशच्या पातळ थराची त्यापुढे काय कथा. म्हणजे खरा शत्रू वाळू, आणि ती दारातूनच येते. दाराशी चांगलं जाड पायपुसणं ठेवा आणि ओलं फडकं मारायच्या आधी जमीन कोरडी झाडून घ्या, नाहीतर तीच वाळू घरभर घासली जाते.

पॅडचं म्हणाल तर चिकटवायचे घेऊच नका. खुर्च्यांना खिळ्याचे किंवा स्क्रूचे फेल्ट पॅड लावा, पायाच्या तळापेक्षा किंचित लहान, म्हणजे कडा उचकटत नाहीत. महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने झाडा. चपटे, कडक झाले की बदला. स्वस्त रबरी पॅड अजिबात नकोत, रबरातले पदार्थ पॉलिशमध्ये उतरून डाग पडतात आणि ते पुसून जात नाहीत. चाकाच्या खुर्चीला कडक नायलॉनची चाकं असतील तर मऊ चाकं बसवून घ्या. गालिच्याबद्दलही विचारलंय तुम्ही. घाला की, फक्त त्याची खालची बाजू खरखरीत नसावी आणि खुर्ची मागे घेतली तरी ती गालिच्यावरच राहिली पाहिजे.

मुलांना कसं शिकवायचं, हे मला विचारू नका. आमच्या थोरलीला कुणीच शिकवलं नव्हतं, ती माझं बघून खुर्ची उचलते. धाकटा बापाचं बघून रेटतो. तेव्हा घरात ज्याचं वजन सगळ्यात जास्त, शिकवणी त्याच्यापासून सुरू करा.

आणखी एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. कपाट किंवा खणांच्या टेबलाखाली फेल्ट लावणार असाल तर ते आधी भिंतीला पक्कं करा. पोरं खण उघडून त्यावर चढतात आणि अख्खं कपाट अंगावर येतं. निसटलेला पॅड रांगतं बाळ सरळ तोंडात घालतं, तेही लक्षात ठेवा. आधीच पडलेल्या चऱ्यावरून नख फिरवा. अडकलं नाही तर चरा बहुधा पॉलिशमध्येच आहे, अडकलं तर लाकडात गेलाय. भरीव लाकूड घासून पुन्हा पॉलिश करता येतं. लॅमिनेट असेल तर घासायला जाऊ नका, वरचा नक्षीचा कागदच निघून येईल.

ट्रक मी त्याच रात्री माळ्यावरून काढला. नीट पाहिलं तर मागच्या चाकाच्या आसाचं टोक बाहेर आलेलं होतं, आणि खिडकीपाशी दोन बारीक सरळ चरे आहेत ते बहुतेक त्याचेच. टोक मी पक्कडीने दाबून टाकलं. नवऱ्याला हे सांगितलेलं नाही.