तगरीवरची अळी की सुरवंट?

गुहागरच्या एका ताईंचा प्रश्न: 'पौषात परसातल्या तगरीवर बोटाएवढं हिरवंगार काहीतरी दिसलं. डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके, शेपटीला काटा. सासूबाई म्हणतात सुरवंट, मी म्हणते अळी. बरोबर कोण? आणि हे आहे काय?'

ताई, अळीच, पण सासूबाईंना लगेच सांगायला जाऊ नका.

बोलण्यातला ढोबळ भेद असा, की केसाळ तो सुरवंट आणि गुळगुळीत ती अळी. शेवग्याच्या खोडाला झुंडीने चिकटतात आणि अंगावरून गेले की खाज सुटते, ते सुरवंट. शेतीच्या पुस्तकांत मात्र त्यांनाही 'केसाळ अळी'च म्हणतात. म्हणजे प्रत्येक सुरवंट अळी असतो, प्रत्येक अळी सुरवंट नसते.

मला जास्त गंमत वाटते ती क्रियापदांची. आंब्यात अळी पडते, वांग्याला अळी लागते. सुरवंट पडतही नाही आणि लागतही नाही. तो चढतो, चालतो, अंगावर येतो. अळी म्हणजे नासाडी, सुरवंट म्हणजे जनावर! तुमच्या तगरीवरचं प्रकरण एवढं मोठं आणि रुबाबदार, की ते झाडाला 'लागलंय' असं म्हणवत नाही. सासूबाईंच्या तोंडी सुरवंट आला तो बहुधा यामुळेच. 'सुरवंटाचं फुलपाखरू झालं' असं आपण सर्रास म्हणतो, तेही तसंच. खरं तर केसाळ सुरवंटांतून बहुतेक वेळा पतंग निघतात.

तुमच्या अळीचाही पतंगच होणार. वर्णनावरून ती ओलिअँडर हॉक मॉथची दिसते. कण्हेर आणि तगर हे तिचं आवडतं खाणं, आणि आपल्याकडे तगर थंडीतही हिरवी असते. डिवचलं की ती डोकं आत ओढून पुढचा भाग फुगवते. मग ते निळे ठिपके डोळे वटारल्यासारखे दिसतात. शेपटीचा काटा नुसता दिखाऊ, टोचत नाही. झाडाखाली जाड लेंड्या पडल्यात का बघा. कोष करायची वेळ आली की ती तपकिरी होऊन खाली पाचोळ्यात उतरते, तेव्हा तिथला केर चार दिवस काढू नका.

लिहिताना 'अळी'च लिहा, अनेकवचन 'अळ्या'. 'आळी' लिहिलंत तर बाजारआळी आठवते, आणि माडाच्या आळ्यात अळ्या झाल्या तर वाचणाऱ्याची पंचाईत.