नायटा हटत नाही? आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा

प्रश्न : जांघेत आणि कमरेवर नायटा आहे. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की तीन दिवसांत खाज थांबते, बंद केली की दुपटीने परत येतो. आता बायको आणि मुलगाही खाजवू लागलेत. – कोथरूड

उत्तर : ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलंय का पाहा. ही स्टेरॉइडं. एकाच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिकही कोंबलेलं असतं, म्हणून ती 'सगळ्यावर चालणारी' म्हणून खपते. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं. सोबत त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबतं, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. नायट्याची खवलेदार लाल कड पुसट होते, त्यामुळे निदानही चुकतं. जांघेत महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होऊन चरे पडतात. ते पूर्ण जात नाहीत. मार्च 2018 मध्ये अशी 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. काउंटरवर काय चालतं ते तुम्ही जाणताच.

ट्यूब बंद केल्यावर खाज काही दिवस उसळेल. तेव्हाच बहुतेकजण पुन्हा तिच्याकडे वळतात. वळू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. कड खरवडून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे बघतात. तपासणी स्वस्त आहे आणि निकालही लगेच मिळतो. मात्र आधी लावलेल्या औषधामुळे ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा काय आणि कधी लावलं ते सांगा. ट्यूबच सोबत न्या.

भारतात सध्या पसरलेल्या बुरशीला 2020 मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं. टर्बिनाफिन हे बुरशीचं औषध बुरशीतल्या ज्या एन्झाइमला अडवतं त्याच्या जनुकातच तिच्या अनेक नमुन्यांत बदल झालाय, म्हणून जुन्या चिठ्ठीतली गोळी आता लागू पडेलच असं नाही. डॉक्टर इट्राकोनॅझोल हे बुरशीचं दुसरं औषध देतील तर कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्या. अ‍ॅसिडिटीची गोळी तिचं शोषण घटवते, आणि हृदय कमकुवत असलेल्यांना इट्राकोनॅझोल सहसा देत नाहीत. दोन्ही गोष्टी आधीच सांगा.

डॉक्टरांनी दिलेलं मलम डागाच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा. प्रौढाच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. डाग दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवा; उपचार फसतो तो बहुधा इथेच.

घरातल्या तिघांचे उपचार एकदमच झाले पाहिजेत, नाहीतर नायटा फिरत राहील. टॉवेल, अंतर्वस्त्रं आणि चादरी वेगवेगळ्या ठेवा, 60 अंशांच्या पाण्यात धुवा. पुण्याच्या पावसाळ्यात कपडे दोन दिवस ओलसर राहतात, तेव्हा शिवणीवरून इस्त्री फिरवा. दुचाकीवर भिजलेली जीन्स ऑफिसात दिवसभर अंगावर नको.

प्रश्न : ही नवी माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचते का? – कर्वेनगर

उत्तर : पोहोचवण्याची सोय आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना डॉक्टरांना पुढच्या शिक्षणाचे 30 क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात, आणि ते परिषदा-कार्यशाळांतून मिळतात. पण क्रेडिट हजेरीचे असतात, तुमच्या चिठ्ठीचे नव्हेत. म्हणून एवढं विचाराच : खरवड तपासणार का, मलमात स्टेरॉइड आहे का, आणि घरच्यांना कधी आणू?