'भागीरथी' हे नाव आज ठेवावं का?

गुहागरकडच्या एका घरातून आलेला प्रश्न: बारसं तोंडावर आलं आहे. मुलीला पणजीचं 'भागीरथी' हे नाव ठेवावं असं आजीच्या मनात आहे. आईवडिलांनाही नाव आवडतं, पण ऐकणारा प्रत्येक जण "म्हातारीचं नाव वाटतं" म्हणतो. आज हे नाव शोभेल का, आणि शुद्ध कसं लिहायचं?

नाव ठेवा, शोभेल. फक्त हाक कशी मारायची ते बारशाआधी घरात ठरवून टाका. या नावाचं बरंवाईट सगळं तिथंच आहे.

आधी अर्थ. भगीरथाने गंगा पृथ्वीवर आणली, म्हणून ती त्याची कन्या मानली गेली, आणि भगीरथाची ती भागीरथी. पहिल्या अक्षरातल्या अ चा आ झाला, शेवटी ई लागली. जनकाची जानकी, पर्वताची पार्वती याच घडणीच्या. विदेहाची वैदेही, मिथिलेची मैथिली, द्रुपदाची द्रौपदी याही त्याच. तिथे इ चा ऐ आणि उ चा औ झाला एवढंच. आता जाह्नवी पाहा. जह्नू ऋषींच्या यज्ञभूमीत गंगेचं पाणी शिरलं, त्यांनी रागाने तिला पिऊन टाकलं आणि मग कानावाटे सोडलं, म्हणून ती जह्नूची कन्या जाह्नवी. नदी तीच, प्रत्यय त्याच जातीचा. तरी जाह्नवी, वैदेही, मैथिली या नावांना आज कोणी जुनाट म्हणत नाही. तेव्हा भागीरथीचं म्हातारपण अर्थात नाही आणि घडणीतही नाही. ते हाकेतून आलं आहे.

पणज्यांच्या पिढीत कोकणात यमुना, गोदावरी, तापी, भागीरथी, द्वारका, मथुरा, काशी ही नद्यांची आणि तीर्थांची नावं घरोघर होती. पण पूर्ण नाव तोंडात यायचं ते क्वचितच. लहानपणी यमी, गोदी, भागी, द्वारकी. माया दाटली की त्याच ई चा ऊ होऊन यमू, गोदू, भागू. लग्न झालं की पुढे बाई किंवा काकू. खाली सिंधुदुर्गाकडे 'बाय'. त्यामुळे आपल्या कानात बसलेलं नाव 'भागीरथी' नसून 'भागीरथीबाई' आहे. 'जाह्नवीबाई' असं एकदा मोठ्याने म्हणून पाहा. ती जाह्नवीसुद्धा लगेच नऊवारी नेसून उभी राहते. उलट रमा, उमा, राधा, मुक्ता ही नावं मुळातच दोन अक्षरांची. त्यांना मोडून हाक मारायची गरज कमी पडली, म्हणून ती जशीच्या तशी परत आली. लांब नावं मात्र मोडली गेली आणि मोडलेल्या रूपांतच अडकून राहिली.

पणजीचं नाव म्हणून ठेवत असाल तर एक गोष्ट विचारून घ्या: ते तिचं माहेरचं नाव की सासरचं? लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहायची पद्धत कोकणात घट्ट होती. दापोलीजवळच्या लाडघरच्या तापी 1871 साली टिळकांच्या घरी आल्या आणि सत्यभामाबाई झाल्या. कल्याणात 1865 साली जन्मलेली यमुना लग्नानंतर आनंदी झाली. याच पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी. देवरुखच्या गोदूबाई 1893 साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाल्यावर आनंदीबाई झाल्या. तिघींचीही माहेरची नावं नद्यांची, आणि तिन्ही पुसली गेली. तुमच्या पणजीचं पाळण्यातलं नाव वेगळं निघालं, तर तेही ऐकून घ्या. कदाचित तेच जास्त आवडेल.

कोणी शास्त्र काढून "नदीचं नाव मुलीला ठेवू नये" असं म्हणेल. त्याचं मूळ मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे: नक्षत्र, वृक्ष, नदी यांचं नाव असलेली वधू करू नये, असा तो नववा श्लोक. कोकणाने तो कधी मनावर घेतला नाही, नाहीतर घरोघर यमुना आणि गोदावरी दिसल्या नसत्या. पारस्कर गृह्यसूत्र हा घरगुती संस्कारांचा जुना ग्रंथ तर मुलीचं नाव तद्धितान्त, म्हणजे दुसऱ्या नामाला प्रत्यय लागून झालेलं, असावं असं सांगतो, आणि भागीरथी पक्की तद्धितान्त आहे. (विषम अक्षरं आणि शेवटी आ या त्यातल्या दुसऱ्या दोन अटी ती पाळत नाही, पण त्या जानकीच्या बाबतीत तरी कुठे सगळ्या जुळतात?)

आता खरी अडचण. या नावाचा लाडाचा 'भागू' घरात रुळू देऊ नका. मराठीत 'भागूबाई' म्हणजे भित्रा, नेभळट माणूस. शाळेत पहिल्याच आठवड्यात कोणाला तरी ते सुचणार आणि मग ते चिकटणार. 'भागी'ही टाळा, कारण 'पापाचा भागी' डोक्यात येतो. पूर्ण चार अक्षरांनी हाक मारता आली तर उत्तमच. भा आणि गी लांब आहेत, र ऱ्हस्व आहे आणि शेवटची थी पुन्हा लांब, त्यामुळे अंगणातून खळ्यापर्यंत हाक छान पोचते. छोटं नाव हवंच असेल तर शेवटचा भाग घ्या: 'रथी'. रथात बसून लढणारा तो रथी, अर्थ दमदार आहे. मात्र बोलताना थ चा त झाला की 'रती' ऐकू येतं, तेव्हा थ ठसठशीत उच्चारा. मालवणीत शब्दाच्या मधल्या-शेवटच्या महाप्राणाचा (ख, थ, भ अशा ह मिसळलेल्या अक्षराचा) जोर कमी होतो, आजोळ तिकडचं असेल तर 'भागीरती' ऐकायची तयारी ठेवा. घरात नुसतं 'बाय' म्हणत असाल तर फारच बरं; ते कोणत्याही नावाला मारत नाही.

लिहिताना पहिला भा, मग गी दीर्घ, थी दीर्घ. 'भगीरथी' चूक, कारण आरंभीचा आ गेला की 'भगीरथाची' हा अर्थच जातो. 'भागिरथी'ही चूक, कारण मूळ भगीरथातच गी दीर्घ आहे. विभक्तीत मात्र या नावाचा काहीच त्रास नाही: भागीरथीला, भागीरथीने, भागीरथीचा. यमुना किंवा गंगा ठेवलं असतं तर माणसाला 'यमुनाला' म्हणायचं की नदीसारखं 'यमुनेला', हा घोळ राहिला असता.

जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. नाव तेव्हाच घालायला हवं असं नाही. 12 महिन्यांपर्यंत ते शुल्काशिवाय घालता येतं, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा घाई करू नका. दाखल्यावर देवनागरी आणि रोमन दोन्ही रूपं छापायच्या आधी अक्षर अक्षर तपासा. रोमन लिपीत दीर्घ-ऱ्हस्व कळत नाही, म्हणून देवनागरी रूप स्वतःच्या हाताने कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका. पुढे शाळा, आधार, पासपोर्ट सगळं त्या एका दाखल्यावरून उतरतं.

आणि इतकं करूनही घरात एकमत झालंच नाही, तर जाह्नवी ठेवा आणि आजीला सांगा की नदी तीच आहे. फक्त ते 'जान्हवी' लिहू नका. मूळ शब्द जह्नू, म्हणून जोडाक्षरात ह आधी आणि न नंतर.