डावीकडच्या पेडलचा विमा

प्रश्न : सांगलीत माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. म्हणजे मी एकटी आणि २०१९ ची एक डबल कंट्रोलची हॅचबॅक. आरटीओचं लायसन्स माझ्याच नावावर. सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी चार ते सात शिकवते. खर्च जाऊन महिन्याला २८-३० हजार सुटतात. गेल्या महिन्यात एका काकूंनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. मी माझ्या बाजूचा ब्रेक मारला, गाडी दुभाजकाला घासली तेवढंच. पण माझं मनगट दुखावलं आणि १२ दिवस बॅच बंद. पॉलिसी काढून बघितली तर ती साधी प्रायव्हेट कारची. एजंट म्हणतो, ‘मॅडम, शिकवणी लिहिली की प्रीमियम वाढतो, कोण बघतंय?’ वर वर्षाला ४८,००० रुपयांची मनी-बॅक, म्हणजे ठरावीक वर्षांनी थोडे पैसे परत देणारी आयुर्विमा पॉलिसी, गळ्यात मारतोय. मुलगा दहावीत, सासूबाई घरी, नवऱ्याची नोकरी कंत्राटी. नेमकं काय घेऊ?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, ‘कोण बघतंय’चं उत्तर आधी देतो. मी बघत होतो. मोटार सर्व्हेअर, म्हणजे क्लेमसाठी अपघाताच्या गाड्या तपासणारा, म्हणून माझी उमर गॅरेजांतच गेली.

एकदा अशीच एक छोटी गाडी आली, पुढून चेपलेली. मालक म्हणाले, कुटुंबासह देवाला निघालो होतो. डावीकडच्या सीटपुढचं मॅट मात्र कोरं करकरीत. उचललं, तर खाली पत्र्याला बोल्टची चार भोकं, कडा अजून चकचकीत. शेजारचं कार्पेट टाचेनं घासून पांढरं पडलेलं. नुसत्या बसणाऱ्याची टाच तिथं कशाला घासेल? मागच्या काचेवर ‘एल’ स्टिकरचा डिंकही तसाच. पेडल काढली होती, भोकं कुठं लपवणार? क्लेम गेला.

प्रायव्हेट कारच्या पॉलिसीत ‘वापराची मर्यादा’ असा बारीक अक्षरांतला भाग असतो. त्यात भाड्यानं किंवा मोबदला घेऊन केलेला वापर वगळलेला असतो, आणि फी घेऊन शिकवणं त्यातच धरलं जातं. शिकाऊ माणसानं गाडी चालवायला हरकत नाही. लर्निंग लायसन्स हवं, शेजारी लायसन्सवाला हवा, पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. अडतं ते फीपाशी. दुभाजकाऐवजी माणूस असता तर? अशा वेळी कोर्ट बहुधा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि ती मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणजे शेवटी तुमच्याच दारात.

तेव्हा नूतनीकरणाची वाट बघू नका. कंपनीला लेखी कळवा की गाडी ड्रायव्हिंग स्कूलची आहे, डबल कंट्रोल बसवलेलं आहे, आणि शिकवणीचं एंडोर्समेंट (पॉलिसीला जोडलेली लेखी नोंद) लावून घ्या. आरसीवर गाडीचा जो वर्ग आहे तोच पॉलिसीवर हवा. प्रीमियम वाढेल, वाढू दे. तो धंद्याचा खर्च आहे. दुभाजकाच्या ओरखड्याचा क्लेम मात्र करू नका. ‘मी स्वतः चालवत होते’ असं लिहून देण्याचा मोह तर नकोच.

आणखी एक खाच. स्टिअरिंगवर बसलेल्या काकू विम्याच्या भाषेत कोण? तिऱ्हाईत नाहीत, पगारी ड्रायव्हर नाहीत. प्रवासी म्हणाव्यात तर गाडी त्याच चालवतायत. मागे बसून आपल्या पाळीची वाट बघणारीला प्रवासी अपघात विमा जोडता येतो, पण चालवणारी शिकाऊ त्यात बसते का, हे कंपनीकडून ईमेलवर घ्या. फोनवरचं ‘हो’ मी क्लेमच्या वेळी कधी ऐकलेलं नाही.

क्लच प्लेट कुठल्याच साध्या पॉलिसीत नाही, ती झीज. हाफ क्लचवर चढ शिकवायचा तर फीतून तिचे पैसे बाजूला काढायचे.

आता मनगट. गाडीबरोबर मालक-चालकाचा १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा असतो. तुम्ही डावीकडे बसलेल्या असलात तरी सहचालक म्हणून त्यात येता. पण तो मिळतो मृत्यूला, हात-पाय-डोळा गेला तर, किंवा कायमच्या अपंगत्वाला. उद्या हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेला, तर त्याला त्यात छदामही नाही. तुमची कमाई तर त्या सहा आठवड्यांतच बुडते. म्हणून स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या आणि तीत ‘तात्पुरतं पूर्ण अपंगत्व’ हा लाभ आहे ना बघा. बऱ्याच पॉलिसींत दर आठवड्याला विमा रकमेच्या १ टक्का, वर काही कमाल मर्यादा, असं मिळतं. माझ्या मते गाडीनंतर तुमचा दुसरा रुपया इथंच जायला हवा. बँकेची २० रुपयांची सुरक्षा विमा योजनाही चालू ठेवा, पण आठवड्याचे पैसे तीही देत नाही.

आरोग्य विमा तिघांचा एकत्र, सासूबाईंचा वेगळा. नाहीतर त्यांच्या वयानं सगळ्यांचा प्रीमियम चढतो. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी बघा, कारण महागडी खोली घेतली तर बाकीचं बिलही त्या प्रमाणात कापतात. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. एजंटनं जुना हिशेब मांडला तर विचारा.

मनी-बॅक नको. ४८,००० म्हणजे तुमची दीड महिन्याहून जास्त कमाई, आणि त्यातून मिळणारं विमासंरक्षण अगदीच तोकडं. त्यापेक्षा मुलगा कमावता होईपर्यंतचा ४०-५० लाखांचा साधा टर्म विमा बघा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा. प्रीमियम याच्या पासंगालाही पुरणार नाही. अडचण वेगळीच येईल : कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते. फी रोख घेता आणि रिटर्न भरत नसाल तर एवढं कव्हर मिळणार नाही. कर लागत नसला तरी या वर्षापासून रिटर्न भरायला लागा.

अर्जात ‘व्यवसाय’ या रकान्यात एजंटनं सवयीनं ‘गृहिणी’ लिहिलेलं असेल. सही करण्याआधी ते खोडून ‘ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर’ करून घ्या.