पंधरा खुर्च्यांची भीती

"मॅडम, एकशेवीस जणांच्या वर्गात मी मजेत असते. त्या पंधरा जणांच्या खोलीत घशाला कोरड पडते."

मुक्ता (नाव बदललंय) ठाण्यात माझ्याकडे समुपदेशनाला आली ती ही तक्रार घेऊन. कॉलेजने पहिल्या वर्षाला छोटा संशोधन-सेमिनार ठेवलाय, विषय ठाण्याचे तलाव. दर आठवड्याला प्रत्येकाने स्वतःचा एक प्रश्न आणायचा. तीन आठवडे हिचं नेमकं त्याच दिवशी पोट दुखलं.

आईचा सूर वेगळा. "संशोधन चौथ्या वर्षी, तेही पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के असतील तर ना? मग आत्तापासून कशाला डोक्याला ताप?" चार वर्षांच्या नव्या पदवीचा नियम त्यांना पाठ होता. म्हटलं, हार्वर्डमध्ये नवख्या मुलांचे असे सेमिनार १९५९ पासून चालतात. चौथ्या वर्षी एकदम प्रश्न सुचणार कुठून?

पण चुकले मीही. ही स्टेजची भीती समजून श्वासाचे व्यायाम दिले. पुढच्या भेटीत म्हणाली, "श्वास छान येतो. पण बोलू काय?" बारावीपर्यंत हिच्याकडे सगळ्यांनी फक्त उत्तरंच मागितलेली. त्यात बाकीची मुलं 'जैवविविधता', 'शाश्वत विकास' असले जड शब्द फेकणारी.

तिला उपवन तलावावर धाडलं. निर्माल्य कलशापाशी अर्धा तास, फोन पिशवीत. नुसतं बघायचं आणि मोजायचं.

वही घेऊन आली. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, असे जुडगे. कडेला बारीक अक्षरात: 'काका. फुलं पाण्यात. प्लास्टिकची पिशवी कलशात.'

"हे काय गं?"

"बघा ना! कलश दिसला नाही म्हणावं, तर पिशवी त्यातच टाकली. मग फुलं का नाही?" बोलता बोलता थांबली. "हेच विचारू?"

विचारलं. सरांनी उत्तर दिलं नाही, उलट "कसं शोधशील?" म्हणाले, हे तिला लागलं. (मुलांना हा अपमान वाटतो. हल्ली मी आधीच सांगून ठेवते.) शेजारचा मुलगा म्हणाला, काकांनाच विचार की.

परवा आईचा फोन. "ही मंगळवारी पहाटे तलावावर जायचं म्हणतेय. म्हणे, त्या दिवशी आकडे बदलतील. एकटी कशी पाठवू?"

"तुम्ही जा ना सोबत."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "वही देईल का ती माझ्याकडे?"